चार वर्षांच्या रात्री

आमच्या दवाखान्यात प्लास्टरचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी सकाळी दार उघडण्याआधी पायरीवर बसलेली माणसे सर्वांत लांबून आलेली असतात, कारण ती आदल्या दिवशीच घरून निघून रात्र वाटेत कुठेतरी काढून पोहोचलेली असतात. जवळ राहणारे उजाडल्यावर निघतात आणि सावकाश येतात. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला दोन वर्षे लागली. तोवर मी लवकर आलेल्यांना ‘अजून वेळ आहे, बसा’ असे सांगत असे आणि नोंदवहीतल्या क्रमाने मुलांना आत घेत असे. आता मी सर्वांत आधी परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. जन्मतः पाऊल आत वळलेल्या, म्हणजे क्लबफूट असलेल्या बाळांच्या उपचारात माझ्याकडे तीन कामे असतात: प्लास्टर चढवताना बाळाची मांडी आणि गुडघा धरून ठेवणे, मापे लिहिणे, आणि पाऊल सरळ झाल्यानंतर घरच्यांना बाळाच्या पायात पाऊल धरून ठेवणारे बूट घालायला शिकवणे. अकरा वर्षे हे काम केल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे, की या उपचारातला अवघड भाग दवाखान्याच्या भिंतींच्या आत होतच नाही. पाऊल सरळ होते सहा-सात आठवड्यांत. ते सरळ राहणार की नाही, हे त्यानंतरच्या चार वर्षांच्या रात्री ठरवतात, आणि त्या रात्री कशा गेल्या हे आमच्या कोणत्याही रकान्यात येत नाही.

असे पाऊल पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते मोडले आहे असे वाटते. टाच वर ओढलेली आणि आत कललेली, पंजा आत वळलेला, कमान खोल गेलेली आणि तळवा जमिनीकडे असण्याऐवजी दुसऱ्या पायाकडे वळलेला, असे त्याचे रूप असते. प्रत्यक्षात काहीही मोडलेले नसते. पावलाच्या आतल्या आणि मागच्या बाजूचे अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारे पट्टे) व कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आखूड आणि घट्ट झालेल्या असतात, आणि त्यांनी ओढून धरलेली हाडे आपापल्या सांध्यांत फिरून बसलेली असतात. नवजात बाळाच्या पावलातला मोठा भाग अजून कूर्चेचा, म्हणजे मऊ, लवचिक हाडाचा असतो, म्हणून ते वळते. आणि म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांना मोल आहे. साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला हे व्यंग असते. मुलग्यांमध्ये ते मुलींच्या दुप्पट आढळते, आणि जवळजवळ अर्ध्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. जगभरात दर वर्षी अशी दीड ते दोन लाख बाळे जन्माला येतात आणि त्यांतली बहुतेक अशा भागांत जन्मतात, जिथे अस्थिरोगतज्ज्ञ दिवसभराच्या प्रवासाच्या पलीकडे असतो.

बाळाला याचे दुखत नाही, आणि तिथेच घात होतो. दुखत नसलेल्या पायासाठी कामधाम सोडून, दुसरी मुले शेजाऱ्यांकडे ठेवून, दोन गाड्या बदलून कुणी लगेच निघत नाही. ‘चालायला लागला की सुधारेल’ असे कुणीतरी वडीलधारे म्हणते आणि ते ऐकायला बरे वाटते. चालायला लागल्यावर मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देते, मग हळूहळू पावलाच्या वरच्या बाजूवर, जी बाजू चालण्यासाठी घडलेलीच नाही. तिथे घट्टे पडतात, कातडी फाटते, कोणतेही पादत्राण बसत नाही. वेदना तेव्हा सुरू होते. आणि पायी जावे लागेल एवढ्या अंतरावर शाळा असेल, तर तेवढ्यावरच त्या मुलाचे शिक्षण अडते.

आईचा पहिला प्रश्न बहुधा उपचाराबद्दल नसतो. ती विचारते, ‘माझे काय चुकले?’ कधी ती हे विचारतही नाही, पण बरोबर आलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवरून ते उत्तर घरात आधीच ठरले आहे हे दिसते. बहुतेक बाळांमध्ये या व्यंगाचे निश्चित कारण सापडत नाही. त्यात आनुवंशिकतेचा भाग आहे. पाय गर्भात घडत असताना जी जनुके काम करतात त्यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे. काही थोड्या बाळांमध्ये मणक्याचे किंवा सांध्यांचे दुसरे व्यंगही बरोबर असते. गरोदरपणात आईने काय उचलले, कशी झोपली, कुठे गेली, याने पाऊल वळत नाही. हे वाक्य मी तिला एकटीला गाठून सांगत नाही. नवरा, सासू, आई, जे कुणी बरोबर असेल त्या सर्वांना आत बोलावून, सर्वांच्या देखत सांगते. पुढची चार वर्षे या उपचाराला घर लागणार असते आणि दोषी ठरवलेल्या बाईच्या मागे घर उभे राहत नाही.

आज जगभर रुजलेली उपचारपद्धती इग्नासिओ पोन्सेती यांच्या नावाने ओळखली जाते. स्पेनच्या मिनोर्का बेटावर १९१४ साली एका घड्याळजीच्या घरी त्यांचा जन्म झाला. यादवी युद्धात त्यांनी जखमी सैनिकांची मोडलेली हाडे प्लास्टरमध्ये बसवली, आपल्या बाजूच्या पराभवानंतर ते फ्रान्समध्ये आणि तिथून मेक्सिकोत गेले, एका गावात साधे डॉक्टर म्हणून राहिले आणि १९४१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात पोहोचले. तिथे त्यांनी पूर्वी क्लबफूटची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना पुन्हा तपासले, तेव्हा त्यांना ताठर, अशक्त आणि दुखरी पावले दिसली. कापून सरळ केलेले पाऊल जखमेच्या व्रणांनी पुन्हा आवळले जात होते. मग त्यांनी पावलातली हाडे एकमेकांवर कशी सरकतात याचा अभ्यास केला आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ते हातांनी आणि प्लास्टरने पाऊल वळवू लागले. १९६३ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली, परंतु बहुतेक शल्यविशारदांनी ती उचलली नाही. त्यांच्या रुग्णांची पावले तीस वर्षांनंतरही चांगली चालत आहेत हे दाखवणारा अभ्यास १९९५ मध्ये आला, पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक आले, आणि नंतर पालकांनीच एकमेकांना सांगत ही पद्धत पसरवली. मधल्या तीन दशकांत जगभर किती पावले विनाकारण कापली गेली असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

घड्याळजीचा मुलगा होता ही गोष्ट मला त्यांच्या पद्धतीत दिसते. सारे एका बिंदूवर चालते. पावलाच्या बाहेरच्या अंगाला, घोट्याच्या थोडे पुढे, टॅलस या घोट्यातल्या हाडाचे टोक बोटाला लागते. तिथे अंगठा ठेवून ते हाड स्थिर करायचे आणि बाकीचे संपूर्ण पाऊल त्याच्याभोवती बाहेरच्या दिशेला हळूहळू फिरवायचे. अंगठा थोडा पुढे, दुसऱ्या सांध्यावर गेला तर टाच अडते आणि पाऊल सुटत नाही. त्यांच्या आधीच्या पद्धतीत नेमका तिथेच दाब दिला जात असे, म्हणून मुलांना वर्ष-दोन वर्षे प्लास्टरमध्ये राहावे लागे. टाचेला हात लावायचा नसतो. पाऊल फिरले की टाच आपोआप फिरते. आणि टाच खाली आणण्याची घाई तर मुळीच करायची नसते. आधी कमान, मग पंजा व टाचेचा आतला कल, आणि सर्वांत शेवटी टाचेची उंची, असा क्रम आहे. तो मोडून आधीच पाऊल वर दाबले तर ते घोट्यात न वाकता मध्येच वाकते आणि तळवा होडीच्या बुडासारखा बाहेर येतो. ते चुकीचे वळण पुढे निस्तरणे फार कठीण जाते.

पहिल्या प्लास्टरबद्दल एक गोष्ट आधी सांगावीच लागते. त्यात कमान सरळ करण्यासाठी पंजा टाचेच्या रेषेत आणला जातो, म्हणून पाऊल सुधारण्याऐवजी आणखी आत वळल्यासारखे दिसते. हे न सांगता पाठवलेली माणसे कधी कधी परत येत नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही आले नसते.

प्लास्टर मांडीपर्यंत घालतात आणि गुडघा काटकोनात ठेवतात. गुडघ्याखालचे प्लास्टर पाय झाडणाऱ्या बाळाच्या पायातून निसटते आणि पाऊल फिरवलेल्या जागी धरूनही ठेवू शकत नाही. आठवडाभराने ते काढून, पाऊल थोडे आणखी फिरवून दुसरे घालतात. मध्ये आठवडा का जाऊ द्यायचा, हे मला सुरुवातीला समजत नव्हते. अस्थिबंधांतले कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू लहरीसारखे नागमोडी असतात. हलक्या हाताने ताणले की ते सरळ होतात, आणि त्याच लांबीवर काही दिवस धरून ठेवले की नव्या लांबीवर पुन्हा नागमोडी होतात, म्हणजे पुन्हा ताण घ्यायला तयार होतात. जोर लावून काही मिळत नाही. बाळ दूध पीत असतानाच प्लास्टर करावे, असे आम्ही म्हणतो ते याच कारणासाठी. शांत बाळाचे पाऊल हाताला जे देते, ते रडणाऱ्या बाळाचे देत नाही. पाच ते सात प्लास्टरनंतर पंजा बाहेरच्या दिशेला साठ-सत्तर अंशांपर्यंत जातो.

त्यानंतर दहांपैकी आठ-नऊ बाळांची टाचेमागची कंडरा कापावी लागते. ‘कापणे’ हा शब्द ऐकून घरची माणसे हादरतात. तेवढ्याच जागी भूल देऊन, अरुंद पात्याने, काही मिनिटांत ते होते. टाका लागत नाही. शेवटचे प्लास्टर तीन आठवडे राहते आणि तेवढ्या काळात लहान बाळाची कंडरा जोडून, लांब होऊन, पुन्हा तयार होते. एका आजोबांनी मला विचारले होते, ‘कापलेली दोरी आपोआप जुळते?’ जुळते. इतकी वर्षे पाहूनही तीन आठवड्यांनी प्लास्टर काढल्यावर त्या जागी बोट ठेवताना मला भरून येते.

आता हे सारे वाचून कुणालाही दिसेल, की यात मोठे शस्त्रक्रियागृह नाही, यंत्रे नाहीत. प्लास्टरच्या पट्ट्या, कापूस, पाणी, एक पाते आणि शिकलेले हात एवढ्यावर ते चालते, आणि ते हात अस्थिरोगतज्ज्ञाचेच असले पाहिजेत असे नाही. मलावी आणि युगांडा या देशांनी हे आधी करून दाखवले. तिथे अस्थिरोगतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, म्हणून डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्यांना ही पद्धत शिकवली गेली आणि त्यांनी ती उत्तम पेलली. युगांडात जन्मलेले आणि कॅनडात काम करणारे शल्यविशारद शफीक पिराणी यांनी पाऊल मोजण्याची एक सोपी रीत दिली आहे. सहा खुणा पाहायच्या, प्रत्येकीला शून्य, अर्धा किंवा एक गुण द्यायचा. पूर्ण वळलेल्या पावलाला सहा, सरळ पावलाला शून्य. त्यासाठी क्ष-किरण लागत नाही. मी हा आकडा दर आठवड्याला आईला सांगते. साडेपाच, चार, अडीच असा तो खाली येताना तिला दिसला, की पुढच्या आठवड्याचा प्रवास तिला थोडा सोपा होतो.

अर्थात दर आठवड्याचा प्रवास हाच पुष्कळांना न परवडणारा असतो. एका दिवसाची मजुरी बुडते, भाडे लागते, आणि सातपैकी पाचव्या प्लास्टरला पाऊल बऱ्यापैकी सरळ दिसू लागलेले असते. मलावीतल्याच एका अभ्यासात आठवड्यातून एकदा आणि आठवड्यातून तीनदा प्लास्टर बदलण्याची तुलना केली गेली आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात दोन्हींचा परिणाम सारखाच चांगला आढळला. लांबून येणाऱ्या कुटुंबासाठी याचा अर्थ मोठा आहे: पुन्हा पुन्हा येण्याऐवजी दोन-तीन आठवडे दवाखान्याजवळ राहून प्लास्टरचा टप्पा उरकता येतो. पण मग त्यांना राहायला जागा हवी, आणि ती देणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. आमच्याकडे एक खोली मिळवायला चार वर्षे अर्ज करावे लागले.

प्लास्टर घरी गेल्यावर मी आईला बोटे पाहायला सांगते. बोटांची टोके दिसत राहिली पाहिजेत. ती आत गेली तर प्लास्टर घसरले आहे, आणि घसरलेले प्लास्टर नसलेल्या प्लास्टरपेक्षा वाईट. बोट दाबले की पांढरे व्हावे आणि सोडताच गुलाबी. तसे झाले नाही, बोटे सुजली किंवा काळसर झाली, तर तारखेची वाट न पाहता निघायचे. निघणे शक्य नसेल तर पाण्यात भिजवून प्लास्टर उलगडून काढायचे. ही परवानगी स्पष्ट शब्दांत द्यावी लागते, नाहीतर ‘डॉक्टरांचे प्लास्टर आपण कसे काढायचे’ या धाकाने माणसे रात्र काढतात.

आणि मग बूट येतात. एका दांडीच्या दोन टोकांना जोडलेले दोन छोटे बूट. वळलेला पाय त्यात बाहेरच्या दिशेला साठ-सत्तर अंशांवर, निरोगी पाय तीस-चाळीस अंशांवर. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, आणि नंतर मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री व दुपारच्या झोपेत. युगांडात मिखिएल स्टीनबीक यांनी तिथेच मिळणारे चामडे आणि लोखंडी पट्टी वापरून असे बूट तयार केले; त्यांच्या टाचेमागे एक भोक असते, त्यातून टाच नीट खाली बसली आहे की नाही हे कळते. आमच्याकडचे बूटही त्याच घडणीचे आहेत. बूट पाऊल सरळ करत नाहीत, सरळ झालेले धरून ठेवतात. ते सुटले की बहुतेक पावले पुन्हा वळू लागतात, कारण जी ओढ जन्माआधी होती ती पहिली काही वर्षे आत शिल्लकच असते.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक आई पाच महिन्यांनी आली. तिच्या बाळाचे पाऊल अर्धे परत वळले होते. तीन महिन्यांची तारीख तिने चुकवली होती. मी सर्वांसमोर, बाकावर बसलेल्या इतर आयांसमोर, तिला विचारले, ‘बूट का नाही घातले?’ ती म्हणाली, तो फार रडतो, घरातल्या कुणाची झोप होत नाही, सगळ्यांना पहाटे कामावर जायचे असते. मी तिला बुटांचे महत्त्व पुन्हा समजावून सांगितले. आवाज चढला होता, हे मला तेव्हाच कळत होते. तिने मान डोलावली, पुढची तारीख घेतली आणि ती गेली. संध्याकाळी बाकाखाली एक पिशवी सापडली, तिच्यात ते बूट होते. मी नोंदवहीतले त्या दिवसाचे पावलाचे माप काढले आणि बुटाला लावून पाहिले. बूट आखूड होते. बाळ तीन-चार महिन्यांत त्या मापातून मोठे झाले होते, नवे बूट मिळण्याची तारीख हीच तिने चुकवलेली तारीख होती, आणि ते रडत होते ते दुखत होते म्हणून. पाच महिन्यांनंतर आलेल्या आईला मी पन्नास वाक्ये बोलले, पण पिशवी उघडून बूट दाखवा असे एकदाही म्हटले नाही. ती पुन्हा आली नाही. दिलेला पत्ता अपुरा होता आणि निरोप पोहोचला नाही.

त्या पिशवीने मला माझे काम शिकवले. आता पुढच्या मापाचे बूट आम्ही आधीच बरोबर देतो, त्यावर केव्हा बदलायचे ते चित्राने दाखवतो, आणि गावातल्या आरोग्यसेविकेकडे एक जोड ठेवतो. पहिल्या दोन-तीन रात्री मूल रडणारच आहे हे आधीच सांगतो. त्याला एक-एक पाय हलवण्याची सवय असते आणि दांडीमुळे दोन्ही पाय एकदम हलवावे लागतात. म्हणून आईबापांनी दांडी धरून त्याचे गुडघे एकत्र वाकवून-ताणवून खेळवायचे, म्हणजे ते लवकर शिकते. फोड आला तर पट्टा सैल करावा असे प्रत्येकाला वाटते. खरे तर बहुधा टाच आत सरकत असते म्हणून फोड येतो, आणि मधला पट्टा थोडा घट्ट करावा लागतो. पाऊल परत वळलेच, तर कुणाचाही न्याय न करता पुन्हा प्लास्टर सुरू करायचे. तीन वर्षांच्या आसपास काही मुलांची घोट्यापुढची एक कंडरा पावलाच्या बाहेरच्या अंगाला हलवण्याची शस्त्रक्रिया करावी लागते, तीही चांगली साधते.

उशिरा आलेल्यांना परत पाठवू नये, हेही सांगायला हवे. नेपाळमध्ये एक ते सहा वर्षांच्या, आधी कोणताही उपचार न झालेल्या मुलांवर हीच पद्धत वापरली गेली आणि बहुतेकांची पावले मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय जमिनीवर सपाट टेकू लागली. प्लास्टर जास्त लागतात, पाऊल तान्ह्या बाळाइतके बाहेर वळत नाही, पण टेकते.

मी आता ‘बूट घालता का?’ असे विचारत नाही. या प्रश्नाला ‘हो’ याशिवाय उत्तर नसते. मी विचारते, ‘रात्री तो कुणाजवळ झोपतो?’ त्यावर जे सांगितले जाते त्यात सारे येते: कोण उठते, कोण चिडते, कुणाची पहाटेची पाळी असते, दांडी कुणाच्या पोटाला लागते.

गेल्या महिन्यात हा प्रश्न मी एका आजींना विचारला. नातू अडीच वर्षांचा, पाऊल सुरेख राहिलेले, आणि त्याची आई कामासाठी दूर राहते. आजी म्हणाल्या, ‘माझ्याजवळ.’ त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि रात्री घरात दिवा नसतो. टाच बसली आहे हे त्यांना कसे दिसते, असे मी विचारले. त्यांनी माझ्या टेबलावरचा बूट उचलला, मागचे भोक चाचपून शोधले आणि त्यात करंगळी घातली. ‘मऊ लागली की बसली,’ त्या म्हणाल्या, ‘रात्री दोनदा बघते.’